पेशंट बोलला ते त्याच्याच शब्दांत : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात मी मानसिक आरोग्य परिचर्या आणि संशोधन या दोन विषयांवरचे प्रश्न मागवले होते. शहादा, चोपडा, साक्री, एरंडोल अशी सगळ्या खान्देशातून पत्रं आली. काही पोरींनी तर केसबुकाच्या पानांचे फोटोच पाठवले. पाठ्यनिर्देशिका म्हणून मी २९ वर्षं हेच शिकवलं. निवृत्त होऊन धुळ्यात बसले, तरी लाल पेन हातातून सुटलेलं नाही. पत्रांतली नावं मी काढली आहेत, आणि पेशंट ओळखू येईल असा तपशील बदलला आहे. पहिलं पत्र असं होतं की अंक निघायची वाट न बघता मी आधी फोन उचलला.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट बचत गटातल्या बायकांच्या नैराश्यावर आहे. पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजायचा फॉर्म आम्ही वाचून दाखवतो आणि खुणा करतो. एका ताईंनी नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला ‘जवळपास रोज’ असं उत्तर दिलं. मी खूण केली आणि पुढच्या घरी गेले. त्यांचे एकूण गुण ९ आले, म्हणजे ‘सौम्य’. पण दोन रात्री मला झोप नाही. संमतीपत्रात आम्ही ‘तुमची माहिती गुप्त राहील’ असं लिहिलंय. कुणाला सांगितलं तर नियम मोडेल का? (एरंडोल तालुका)

उत्तर : बेटा, तुझं पत्र दुपारी दोनला हातात पडलं आणि संध्याकाळच्या आत तू गाइड मॅडमना घेऊन त्या ताईंच्या ओट्यावर बसली होतीस. आता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत त्यांचे उपचार सुरू आहेत. ‘बाकीच्या पोरींना बी सांगा’ असं त्या स्वतः म्हणाल्या, म्हणून इथे लिहिते.

पीएचक्यू-९ तुम्हा सगळ्यांना पाठ असतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र आणि २० पासून तीव्र. व्हायवात (तोंडी परीक्षेत) हे घडाघडा म्हणता. पण नववा प्रश्न नुसता बेरजेत टाकून पुढे जायचा नसतो, हे फॉर्मवर कुठे छापलेलं नाही. ‘मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करावी असं मनात येतं का’ या प्रश्नाला शून्य सोडून कुठलंही उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं. एकूण गुण ४ असोत नाहीतर २४. या ताईंच्या ९ गुणांतले ३ त्या एकाच प्रश्नाचे होते, आणि तुमच्या तक्त्यात त्या ‘सौम्य’च्या रकान्यात जाऊन बसल्या होत्या. बेरजेने माणूस असा झाकला जातो.

पेन खाली ठेवल्यावर सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी भीती घरोघरी आहे, नर्सिंगच्या पोरींनाही आहे, आणि ती चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं होतं. आपल्याकडे ‘जिवाचं काही बरंवाईट’ असं मोघम बोलतात. तेवढ्यावर थांबू नका. जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? ती वस्तू घरात आहे का? पूर्वी कधी केलं होतं का? आणि शेवटी, आजवर कशामुळे थांबलात? या शेवटच्या प्रश्नाला ताईंनी काय उत्तर दिलं ते तू फोनवर मला शब्दशः सांगितलंस : ‘धाकलीनी दहावी से औंदा’ (धाकटीची दहावी आहे यंदा). हे वाक्य तुझ्या नोंदीत जसंच्या तसं राहू दे. ‘कुटुंबाचा आधार आहे’ असं त्याचं भाषांतर करू नकोस. पुढे ज्या डॉक्टर, ज्या सिस्टर त्यांना बघतील, त्यांना या एका वाक्यातून कळेल की या बाईशी बोलणं कुठून सुरू करायचं, आणि दहावीचा निकाल लागल्यावर जास्त लक्ष ठेवायचं.

मग घरातली फवारणीची औषधं. कपाशीच्या गावात ती पडवीत, कधी धान्याच्या कोठीमागे ठेवलेली असतात. विचार येतो तो क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो, आणि त्या थोड्या वेळात बाटली हाताशी नसणं यावर जीव वाचतो. म्हणून ताईंनी ज्यांचं नाव घेतलं त्या जावेला विश्वासात घेऊन औषधं त्याच संध्याकाळी घराबाहेर, कुलपात गेली. ताईंना रात्री एकटं ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी ओपीडीला जाताना तू सोबत गेलीस. चिठ्ठी लिहून ‘जाऊन या’ म्हणाली असतीस, तर त्या गेल्या नसत्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो प्रत्येक सहभागी बाईला द्यायचा, फॉर्ममध्ये काहीही येवो.

ताईंच्या मालकांना पोलीस केसची धास्ती होती असं तू म्हणालीस. नुसता विचार सांगितल्याने कुठलीच केस होत नाही. प्रयत्न झालेला असला तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिला उपचार व आधार देणं सरकारचं काम ठरतं. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. खेड्यात हे सांगणारं आपल्याशिवाय फारसं कुणी जात नाही.

गुप्ततेचं म्हणशील, तर चूक तुझ्या सांगण्यात नाही, संमतीपत्राच्या वाक्यात आहे. ‘माहिती गुप्त राहील’ याच्यापुढे आणखी एक वाक्य हवं : ‘तुमच्या जिवाला धोका आहे असं आम्हाला वाटलं, तर मदतीपुरतं ज्यांना सांगणं भाग आहे त्यांना सांगू, आणि आधी तुम्हाला सांगू.’ तसंच पहिला फॉर्म भरायच्या आधी एका कागदावर लिहिलेलं हवं की असं उत्तर आलं तर फोन कुणाला, ओपीडी कुठल्या वारी, गाडी कुणाची. तुमच्या नीतिमत्ता समितीने हे विचारायला हवं होतं. आता बदल लिहून समितीपुढे ठेवा, आणि मान्यता येईपर्यंत एकही फॉर्म भरू नका. प्रोजेक्टला उशीर झाला तर होऊ द्या.

प्रश्न : मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. मला केस मिळाली ती धडगावकडच्या एका आजींची, वय साठच्या पुढे, फक्त पावरी बोलतात. मुलगा दुभाष्या होता. एमएसई (मानसिक स्थितीची तपासणी) करताना आजींना तारीख सांगता आली नाही, शंभरातून सात वजा जमलं नाही, म्हणीचा अर्थ सांगता आला नाही. मी ‘ओरिएंटेशन बिघडलेलं, एकाग्रता कमी, अमूर्त विचार नाही, सहकार्य करत नाहीत’ असं लिहिलं. मार्क चांगले मिळाले. पण आजी मला रोज सकाळी ओळखायच्या, आणि कुणाकडून किती पैसे यायचे ते मुलाला बोटांवर मोजून सांगायच्या. मग मी लिहिलं ते बरोबर कसं? (शहादा)

उत्तर : बरोबर नाही. आणि मार्क मिळूनही तुला शंका आली, म्हणून हे उत्तर मी मन लावून लिहिते आहे.

आधी माझी गोष्ट ऐक. विद्यार्थिनी असताना मला एक पन्नाशीच्या बाई केस म्हणून दिल्या होत्या. दोन दिवस मी समोर स्टूल टाकून बसले. नाव विचारलं, गाव विचारलं, त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी नोंद केली : ‘बोलत नाही, सहकार्य करत नाही, भाव सपाट.’ तिसऱ्या दिवशी मावशींच्या हातून स्टीलचं बेडपॅन बाईंच्या मागे फरशीवर पडलं. सगळा वॉर्ड दचकला. बाई हलल्या नाहीत. त्यांना ऐकूच येत नव्हतं. माझ्या नोंदीवरून दोन दिवस औषधांची चर्चा झाली होती. तेव्हापासून ‘सहकार्य करत नाही’ हे शब्द मी स्वतः कधी लिहिले नाहीत आणि विद्यार्थ्यांच्या वहीत दिसले की खोडत आले. त्या जागी जे दिसलं ते लिहायचं : ‘तीन वेळा नाव विचारलं, माझ्या ओठांकडे बघितलं, बोलल्या नाहीत.’ एवढं लिहिलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, अगं, आधी कान तपास.

आता तुझ्या आजी. एमएसईमध्ये आपण बघतो ते दिसणं-वागणं, बोलणं, मनःस्थिती, विचार, संवेदन, बोधन (वेळ-जागेचं भान, लक्ष, आठवण), निर्णयशक्ती आणि मर्मदृष्टी (आपल्याला आजार आहे याची जाण). यातलं बोधन तपासायला पुस्तकात दिलेले प्रश्न शाळा शिकलेल्या माणसासाठी रचलेले आहेत. ज्या बाईने कॅलेंडर कधी वापरलं नाही तिला तारीख विचारून काय कळणार? तिला विचार की सकाळ आहे की दुपार, पावसाळा आहे की उन्हाळा, गावचा आठवडे बाजार कुठल्या वारी असतो आणि तो होऊन किती दिवस झाले. शंभरातून सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांग, किंवा वीसातून तीन-तीन काढायला सांग. पैशांत विचारलंस तर आणखी चांगलं.

ही युक्ती माझी नाही. फोल्स्टाइन यांनी १९७५ साली काढलेली आठवण, लक्ष, भान तपासणारी ३० गुणांची एमएमएसई चाचणी हरियाणातल्या बल्लभगडला न शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांवर वापरायची वेळ आली, तेव्हा गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावरून हिंदी चाचणी तयार केली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. मूळ चाचणीत ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद वाचून तसं करायचं असतं. हिंदीत त्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करते तसंच करा’ असं म्हणून तपासणारी स्वतः डोळे मिटते. एक वाक्य लिहून दाखवण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायचं. तपासायचं तेच, रस्ता फक्त बदललेला.

म्हणीचंही तसंच. पावरी बोलणाऱ्या आजींना ‘नाचता येईना अंगण वाकडं’चा अर्थ विचारणं म्हणजे आपल्या मराठीची परीक्षा त्यांच्याकडून घेणं. त्याऐवजी दोन गोष्टींतलं सारखेपण विचार : मोह आणि आंबा यांत सारखं काय? ‘दोन्ही झाडं’ म्हणाल्या तर विचार वरच्या पायरीवर आहे. ‘दोन्ही घरी आणतो’ म्हणाल्या तर तेही लिही, त्यांच्याच शब्दांत. निर्णयशक्तीसाठी पुस्तकात तिकीट लावलेलं पाकीट रस्त्यात सापडतं. पोस्टाची पेटी न पाहिलेल्या माणसाला विचार, बाजारात कुणाचा मोबाइल सापडला तर काय कराल?

दुभाष्याबद्दल एक. मुलगा आईचं बोलणं गाळून सांगतो, लाजेने किंवा घाईने. आजी दोन मिनिटं बोलल्या आणि मुलगा ‘काही नाही, ठीक आहे म्हणते’ असं म्हणाला, तर ते ‘ठीक’ लिहू नकोस. त्या भागातली एखादी आशाताई किंवा सिस्टर मिळते का बघ, आणि एकेक वाक्य सांगायला लाव. मनःस्थितीच्या रकान्यात पेशंट स्वतः सांगतो ते येतं, भाव म्हणजे तुला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो तो. दोन्ही जुळत नसतील तर जुळवू नकोस, न जुळणं हीच नोंद.

प्रश्न : आमच्या पेशंट बाई म्हणतात, ‘कानबाई (आपल्या खान्देशची देवी) माझ्याशी बोलते.’ मी ‘श्रवणभ्रम’ लिहिलं. माझी मैत्रीण म्हणाली, आमच्या काकूंच्या अंगातही येतं, त्यांना काय वेड लागलंय? कोण बरोबर? (साक्री)

उत्तर : दोघींनीही पुरेसं विचारलं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसते, सगळे भाऊबंद रोटांच्या प्रसादाला जमतात, रात्र जागवतात, आणि त्या गाण्या-वाजवण्यात एखादीच्या अंगात येतं. सोमवारी विसर्जन झालं की तीच बाई घरी येऊन भांडी घासते आणि मंगळवारी निंदणीला जाते. हा आजार नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही असंच म्हटलं आहे : धार्मिक किंवा समाजाने मान्य केलेल्या प्रसंगाबाहेर, इच्छा नसताना घडतं आणि रोजच्या जगण्यात घुसतं, तेव्हाच ते विकारात मोजायचं.

म्हणून तुझ्या पेशंटना विचार. आवाज कधी येतो, एकट्या असताना की सणालाच? कानाने ऐकू येतो की मनात येतं? एकच आवाज की दोघं-तिघं तुमच्याबद्दल आपसांत बोलतात? काय करायला सांगतो? नाही ऐकलं तर काय होतं? जेवण-झोप कशी आहे? आणि घरच्यांना विचार : ‘हे तुमच्याकडे सगळ्यांसारखंच आहे की यांचं काही वेगळं?’ खान्देशातली सासूबाई हे अचूक सांगते. माझ्या एका पेशंटच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘देवी अशी शिव्या देत नही.’ निदान डॉक्टरांनी केलं, पण बोट त्या सासूबाईंनी ठेवलं होतं.

आवाज जर स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला सांगत असेल, तर पुढचे प्रश्न नंतर. आधी वॉर्डच्या सिस्टरना कळव.

प्रश्न : आमच्या ग्रुपने ‘किशोरवयीन मुलींच्या मानसिक आरोग्यविषयक ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ हा विषय घेतला आहे. सॅम्पल ६०. सीनियर्सच्या सगळ्या प्रबंधांत ६० आहे म्हणून. पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी येईलच असं सीनियर्स म्हणतात. यात शिकण्यासारखं काय आहे? आणि मुली १६-१७ वर्षांच्या आहेत, प्राचार्यांची परवानगी पुरे का? (जळगाव)

उत्तर : ‘येईलच’ हा शब्द तुम्हाला खटकला, हे बरं झालं. ज्या अभ्यासाचं उत्तर आधीच ठाऊक आहे तो कशाला करायचा? तरी वर्षानुवर्षं याच साच्याचे प्रबंध बांधले जातात, याचं मला वाईट वाटतं, कारण कष्ट खरे असतात. मुलींना प्रश्नावली दिली, तासभर शिकवलं, तीच प्रश्नावली पुन्हा दिली, तर गुण वाढणारच. पण ते शिकवण्याने वाढले, की तेच प्रश्न दुसऱ्यांदा दिसल्याने? मधल्या आठवड्यात टीव्हीवर काही बघितल्याने? एकाच गटावर आधी-नंतर तपासलं तर हे वेगळं काढता येत नाही. शेजारच्या दुसऱ्या कॉलेजचा तुलनेचा गट घ्या, त्यांना अभ्यास संपल्यावर शिकवा. आणि नंतरची चाचणी लगेच न घेता महिन्याभराने घ्या. मग फरक लहान दिसेल, पण तो खरा असेल.

पी व्हॅल्यूचा अर्थ एवढाच की प्रत्यक्षात काही फरक नसता, तर असा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी. फायदा किती झाला हे ती सांगत नाही. सरासरी गुण २० पैकी ११ चे ११.८ झाले तरी पी व्हॅल्यू लहान येऊ शकते. म्हणून सरासरीतला फरकही लिहा, आणि त्याने एखादी मुलगी मैत्रिणीसाठी मदत मागायला गेली का, तेही विचारा.

साठ हा आकडा कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही. किती जणांना अमुक त्रास आहे असं मोजायचं असेल तर साधं सूत्र आहे : चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे आधीच्या अभ्यासातून मिळालेला टक्का, क्यू म्हणजे शंभरातून उरलेला, डी म्हणजे आपण चालवून घेणार ती चूक. पी २० आणि डी ५ धरला तर ४ × २० × ८० ÷ २५, म्हणजे २५६. डी १० धरला तर ६४. चूक निम्मी हवी तर माणसं चौपट लागतात, हे या दोन आकड्यांवरून कळतं. पी माहीतच नसेल तर ५० धरतात. पण दोन गटांची सरासरी ताडायची असेल, म्हणजे तुमच्यासारख्या अभ्यासात, तर हे सूत्र चालत नाही. तिथे फरक किती अपेक्षित आहे आणि गुण किती विखुरलेले आहेत ते लागतं, त्यासाठी संख्याशास्त्राच्या सरांकडे प्रश्नावली घेऊनच जा.

प्रश्नावली अहिराणी किंवा लेवा बोलणाऱ्या मुलींसाठी उतरवणार असाल, तर एकीने भाषांतर करायचं, आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसरीने ते उलटं मराठीत आणायचं. आमच्या एका ग्रुपने ‘उदास वाटतं का’चं अहिराणी केलं, ते उलटं येताना ‘थकवा येतो का’ होऊन आलं. खेड्यात बायका उदासी अंगावरूनच सांगतात, ‘आंग दुखस’, ‘जीव घाबरस’. हा फरक उलट्या भाषांतराशिवाय सापडला नसता, आणि दिवसभर कापूस वेचून दमलेल्या सगळ्या बाया नैराश्याच्या यादीत गेल्या असत्या.

प्राचार्यांची परवानगी ही कॉलेजात पाऊल ठेवण्याची परवानगी आहे. मुली १८ च्या आत आहेत, तेव्हा आई-वडिलांची लेखी संमती हवी आणि मुलीचा स्वतःचा होकारही हवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १२ ते १८ वयात हा होकार लेखी घेतात, ७ ते १२ मध्ये तोंडी. आई-वडील हो म्हणाले आणि मुलगी नको म्हणाली, तर फॉर्म परत घ्या, आणि बाईंच्या देखत तिला कारण विचारू नका.

आणि एक गोष्ट माझ्या अंतःकरणातून. शेवटच्या आठवड्यात हॉस्टेलच्या खोलीत बसून, वेगवेगळ्या शाईने उरलेले फॉर्म भरले जातात हे मला माहीत आहे. माझ्याच हातून असे फॉर्म तपासले गेले, आणि ओळखूनही एकदा मी गप्प बसले, कारण पोरींचं वर्ष जात होतं. आज मी तसं करणार नाही. ३८ खरे फॉर्म असतील तर ३८ लिहा, का कमी पडले तेही लिहा.

प्रश्न : मुलगी जीएनएम करते. आता त्यांना ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोस्टिंगला नेणार आहेत. घरचे सगळे घाबरले आहेत. तिची आजी म्हणते, पुढे लग्न जमायला अडचण येईल. पाठवू का? (अमळनेर तालुका, मुलीचे वडील)

उत्तर : भाऊ, पाठवा. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, आपल्या खान्देशात नाही. म्हणून धुळे-जळगाव-नंदुरबारच्या पोरींना एवढ्या लांब जावं लागतं. मुली तिथे एकट्या नसतात, ट्यूटर सोबत असतात. बहुतेक पेशंट कुणाच्या अंगावर धावून येत नाहीत. पुष्कळजण तर कुणी आपल्याशी दोन शब्द बोलेल का याची वाट बघत बसलेले असतात. मी नेलेल्या कितीतरी बॅच जाताना रडल्या, आणि परतीच्या गाडीत पेशंटबद्दलच बोलत होत्या.

आजींना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, घरात कुणाचं मन बिघडलं तर ते वेळेत ओळखणारी सून कुठल्या घराला नको असेल? आजींच्याच वयाच्या बायकांना विसर पडायला लागतो, संशय यायला लागतो, तेव्हा घरात असं माणूस असलं म्हणजे काय होतं ते मी पाहिलं आहे.

तिला काही साध्या गोष्टी सांगा. केस घट्ट बांधायचे, गळ्यात ओढणी किंवा ओळखपत्राची दोरी नको, खिशाला लावायचं घ्यायचं. बसताना दाराकडची खुर्ची घ्यायची. स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही, आणि ‘मी उद्या येईन’ असं खात्री असल्याशिवाय म्हणायचं नाही, कारण तिथे माणसं खरोखर वाट बघतात. गणवेशाला सेफ्टी पिना कमीत कमी, त्या जागी टाके घाला. नोंदीसाठी तारेची गुंडाळी असलेली किंवा पिना मारलेली वही वॉर्डात चालत नाही. बाजारातून दोऱ्याने शिवलेली जाड वही घ्या, दोनशे पानी. पहिल्या आठवड्यातच भरते.